बुद्धिबळ इंजिन: चार थ्रेड लावले, तरी डेप्थ तिथंच. कुठली पद्धत धरू?

रंकाळ्याचा_उंट

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात उद्यमनगरात व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या संगणकी मशीनवर) काम करतो. दिवसभर जी-कोड, रात्री सी. 'रांगडा' नावाचं बुद्धिबळाचं इंजिन लिहितोय. बिटबोर्ड, मॅजिक टेबलं, नल मूव्ह, लेट मूव्ह रिडक्शन (क्रमानं मागच्या चाली कमी खोल बघणं), ट्रान्सपोझिशन टेबल (आधी बघितलेल्या पोझिशनांची नोंदवही) एवढं सगळं त्यात आहे. एका थ्रेडवर (म्हणजे कामाची एकच ओळ चालवून) सेकंदाला बारा-तेरा लाख नोड (तपासलेल्या पोझिशन) जातात. पर्फ्टचे (ठरावीक डेप्थपर्यंतच्या, म्हणजे तेवढ्या चाली पुढच्या, सगळ्या शक्यता मोजायच्या चाचणीचे) आकडे जुळतात (सुरुवातीच्या पोझिशनला डेप्थ ५ वर ४८,६५,६०९), तेव्हा चाली काढण्यात घोळ नाही.

दिवाळीत सहा कोरचं रायझन मशीन घेतलं. वर्कशॉपच्या केबिनमध्येच ठेवलंय. एक कोर राबतोय आणि पाच नुसते बसलेत हे काही बघवेना. म्हणून साधा विचार केला: मुळाशी तीस-पस्तीस चाली असतात, त्या चार थ्रेडांत वाटून द्यायच्या, ज्याचा स्कोअर भारी त्याची चाल खेळायची. हॅश टेबल (तेच ट्रान्सपोझिशन टेबल) सगळ्यांना मिळून एकच, त्यावर एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप).

झालं काय, तर नोड जेमतेम दुप्पट झाले आणि डेप्थ १२ गाठायचा वेळ नावालाच घटला. वर मधूनच सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम कोसळतो. गंमत अशी की ॲनालिसिसला तासभर लावून ठेवलं तर काही होत नाही. मिनिटाचा ब्लिट्झ डाव लावला की विसाव्या-पंचविसाव्या चालीच्या आसपास कधीतरी मान टाकतं.

वाचायला बसलं की वायबीडब्ल्यूसी, डीटीएस, एबीडाडा, लेझी एसएमपी अशी अनेक थ्रेडांनी मिळून शोधायच्या पद्धतींची नावं अंगावर येतात. शिफ्ट संपल्यावर एकट्यानं बसून करणाऱ्या माणसानं यातलं कुठलं धरावं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, लई उपकार होतील.

घोडा_एफ_पाच

क्रॅशचं आधी सांगते, कारण त्याचं निदान तू स्वतःच लिहून बसलायस. ॲनालिसिसमध्ये होत नाही, ब्लिट्झमध्ये होतं. वेळ संपली की तुझा मुख्य थ्रेड 'बेस्टमूव्ह' छापून मोकळा होतो. मदतीचे तीन थ्रेड तेव्हा झाडात कुठंतरी खोल असतात आणि तेवढ्यात जीयूआयकडून (पडद्यावर डाव दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडून) पुढची पोझिशन येते. तू ती ज्या बोर्डावर मांडतोस, तोच बोर्ड ते अजून हाताळतायत. क्रम असा ठेव: थांबण्याचा फ्लॅग लाव, सगळे थ्रेड खरोखर थांबेपर्यंत वाट बघ, मग चाल छाप. हा फ्लॅग ॲटॉमिक (एका झटक्यात वाचला-लिहिला जाणारा) हवा, साधा इंट नको. आणि दर चालीला थ्रेड नव्यानं जन्माला घालू नकोस. इंजिन सुरू होताना एकदाच तयार कर, काम नसेल तेव्हा कंडिशन व्हेरिएबलवर झोपू दे.

पण त्याच्याही आधी एक कंटाळवाणं काम आहे आणि सुटका नाही. बोर्ड, प्लाय (किती चाली खोल आलो तो आकडा), किलर मूव्ह, हिस्टरी टेबल, पीव्हीचा ॲरे, नोडची मोजणी, यातलं काय काय ग्लोबल (सगळ्या प्रोग्रॅमला सामाईक) आहे ते एकदा ग्रेपनं शोधून बघ. सीमध्ये एकट्यानं लिहिलेल्या इंजिनात हे बहुतेक सगळं ग्लोबल असतंच. ते सगळं उचलून एका स्ट्रक्टमध्ये टाक आणि प्रत्येक थ्रेडला त्याचा स्वतःचा स्ट्रक्ट दे. सर्चच्या प्रत्येक फंक्शनला त्याचा पॉइंटर पहिला आर्ग्युमेंट. सामाईक ठेवायचं ते फक्त हॅश टेबल, थांबण्याचा फ्लॅग आणि कधीच न बदलणारी टेबलं (तुझी मॅजिक वगैरे). एक गोष्ट हमखास राहून जाते: डावात आधी येऊन गेलेल्या पोझिशनांची यादी. तीही प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र कॉपी करून द्यायची, नाहीतर एका थ्रेडला तीनदा आलेली पोझिशन, म्हणजे बरोबरी, दिसेल आणि दुसरा तीच जिंकायला धावेल.

हे करताना बिघडलं की नाही ते कळायला सोपा उपाय आहे. आधी दहा-पंधरा ठरावीक पोझिशनांवर ठरावीक डेप्थपर्यंत सर्च लावून एकूण नोडची बेरीज लिहून ठेव. ग्लोबल हलवून झाले की एका थ्रेडवर तीच बेरीज यायला हवी. 'जवळपास' नाही, शेवटच्या आकड्यापर्यंत तीच. एका नोडचा जरी फरक आला तरी काहीतरी निसटलंय. ही चैन एका थ्रेडपुरतीच हं. दोन थ्रेड झाले की दर वेळी बेरीज वेगळी येणार, तोच बग पुन्हा घडवून आणणं अवघड होणार, म्हणून आत्ताच करून घे.

आता मूळ दुखणं. अल्फा-बीटाची (निरुपयोगी फांद्या छाटत शोधायच्या पद्धतीची) सगळी करामत आधीच्या चालीतून मिळालेल्या स्कोअरवर उभी आहे. क्नुथ आणि मूर यांनी १९७५ मध्ये याचा हिशेब मांडला. दर पोझिशनला ३५ चाली आणि डेप्थ ८ धर. सगळं झाड तपासायचं तर पानं होतात सव्वादोन लाख कोटी. चालींचा क्रम आदर्श असेल तर अल्फा-बीटाला त्यातली तीस लाखाच्या घरातली पुरतात. कारण पहिल्या चालीचा स्कोअर हातात असला की बाकीच्या चालींबद्दल 'ही त्याहून चांगली नाही' एवढंच सिद्ध करायचं असतं. तू चारही थ्रेड एकदम सोडलेस तेव्हा तिघांच्या हातात तो स्कोअर नव्हताच. ते पूर्ण विंडो (स्कोअरची अख्खी मर्यादा) घेऊन अशा चाली खणत बसले, ज्या तुझ्या जुन्या इंजिनानं चुटकीसरशी उडवल्या असत्या. आणि ऑर्डरिंग चांगलं असेल तर मुळाशी वेळेचा मोठा वाटा पहिल्याच चालीवर जातो. ती ज्याच्या वाट्याला आली तो एकटा राबणार, बाकीचे आपलं उरकून त्याच्या तोंडाकडं बघणार. तीस-पस्तीस चाली सारख्या वाटल्या म्हणून काम सारखं वाटलं जात नाही.

मार्सलंड आणि कॅम्पबेल यांनी १९८२ मध्ये यावर मार्ग काढला होता: मुख्य व्हेरिएशनवरच्या (सध्या सर्वोत्तम वाटणाऱ्या चालींच्या साखळीवरच्या) नोडमध्ये पहिली चाल पूर्ण बघून घ्यायची, मगच उरलेल्या वाटायच्या. (हाच कॅम्पबेल पुढं डीप ब्ल्यूच्या चमूत होता.) पॅडरबॉर्नच्या फेल्डमन यांनी 'झुगझ्वांग' या प्रोग्रॅममध्ये तेच तत्त्व झाडातल्या सगळ्या नोडना लावलं, तेच वायबीडब्ल्यूसी: थोरल्या भावाचं झाल्याशिवाय धाकट्यांनी हलायचं नाही. युक्ती अगदी चोख आहे, कारण कटऑफ (उरलेल्या चाली न बघताच सोडता येणं) यायचा असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्याच चालीला येतो. हायट यांचा डीटीएस त्याच्याही पुढं जातो. त्यात रिकामा प्रोसेसर झाडात जिथं काम दिसेल तिथं शिरतो. पण त्यासाठी सर्च रिकर्शनशिवाय लिहावा लागतो. हायट यांच्या 'क्रे ब्लिट्झ'नं १९८३ आणि १९८६ अशी दोनदा संगणकांची जागतिक स्पर्धा जिंकली होती, त्यांना ते झेपलं. वाच जरूर, पण शिफ्टनंतरच्या वेळात लिहायला घेऊ नकोस. वायबीडब्ल्यूसी लिहिता येईल, पण स्प्लिट पॉइंट, कोण कुणाला मदत करतोय याची नोंद, मध्येच कटऑफ आला तर सगळ्या मदतनीसांना परत बोलावणं, हे सगळं आणि त्यावरची लॉकं सांभाळता सांभाळता इंजिन बाजूला राहतं.

माझं मत: लेझी एसएमपी कर. यात वाटणी नावाची गोष्टच नाही. सगळे थ्रेड त्याच मूळ पोझिशनपासून, तोच इटरेटिव्ह डीपनिंगचा (डेप्थ एकेकानं वाढवत न्यायचा) लूप, आपापला चालवतात. एकमेकांशी बोलत नाहीत. फक्त हॅश टेबल सामाईक. ऐकताना हे खुळ्यासारखं वाटतं, चौघंजण एकच गणित सोडवणार तर फायदा कसला? पण वेळेच्या बारीकसारीक फरकानं थ्रेड लगेच फाकतात. एखादा पुढं जातो आणि त्याचा स्कोअर नि चांगली चाल टेबलात पडलेली असते. मागचा तिथं पोचला की त्याला आयता कटऑफ मिळतो, निदान पहिली कुठली चाल बघायची ते तरी कळतं. फाकणं वाढवायचं तर विषम क्रमांकाच्या थ्रेडांना एक डेप्थ पुढून सुरू कर, बास. २०१३ च्या सुमारास 'चेंग'सारख्या एकेकट्यानं लिहिलेल्या इंजिनांमध्ये हे दिसायला लागलं. पुढं स्टॉकफिश या आघाडीच्या इंजिनानं आपलं चालतं वायबीडब्ल्यूसी काढून टाकून हेच घेतलं आणि जानेवारी २०१६ ला आलेल्या स्टॉकफिश ७ मध्ये ते होतं. इतक्या तासलेल्या इंजिनानं गुंतागुंतीचं काढून सोपं घ्यावं, यातच काय ते आलं.

राहिला तुझा म्युटेक्स. तो काढ. गळिताच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या कितीही वाढवल्या तरी कारखान्याचा काटा एकच असेल तर ट्रॉल्या रांगेतच उभ्या राहणार. तुझ्या इंजिनात जवळपास प्रत्येक नोडला टेबल बघितलं जातं, म्हणजे सेकंदाला लाखो वेळा त्या एका कुलपापाशी रांग लागते. त्याऐवजी हायट आणि मान यांची २००२ ची युक्ती वापर. एंट्री सोळा बाइटची ठेव: आठ बाइटची की (पोझिशनची ओळख पटवणारा आकडा), आठ बाइटचा डेटा. डेटामध्ये चाल १६ बिट, स्कोअर १६, स्टॅटिक इव्हॅल १६, डेप्थ ८, बाउंड २ आणि वय ६, बरोबर ६४ होतात. लिहिताना नुसती की न लिहिता की आणि डेटाचा एक्सॉर (बिटांची अशी क्रिया, जी पुन्हा केली की मूळ आकडा परत मिळतो) लिही. वाचताना दोन्ही पुन्हा एक्सॉर करून आपल्या कीशी जुळतंय का बघ. दोन थ्रेडांनी एकाच वेळी लिहून अर्धं याचं नि अर्धं त्याचं झालं असेल तर जुळणार नाही आणि तू ती एंट्री सोडून देशील. लॉक लागतच नाही. दोन्ही शब्द ॲटॉमिक जाहीर कर आणि मेमरी ऑर्डर रिलॅक्स्ड ठेव. एक्स८६ वर त्याची वेगळी किंमत पडत नाही आणि थ्रेड सॅनिटायझरही कुरकुरत नाही. टेबलातून आलेली चाल मात्र खेळण्याआधी या पोझिशनला चालते का ते तपासच. वेगळ्या पोझिशनची की योगायोगानं जुळली तर रिकाम्या घरातला घोडा हलवायला जाशील.

सांगलीकर_वजीर

ताईंशी नव्वद टक्के सहमत. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी भांडतो, सांगलीचा आहे म्हटल्यावर भांडायला हवंच.

लेझीच्या आधी एकदा एबीडाडा बघ भावा. जाँ-क्रिस्तोफ वील यांची १९९६ ची कल्पना आहे. नावातच थोरल्याचा मान हे तत्त्व आहे, पण अंमल सगळा हॅश टेबलातून. एखादा थ्रेड एखादी चाल बघायला घेतो तेव्हा तशी खूण करतो. दुसरा थ्रेड त्याच नोडला आला आणि चाल आधीच कुणाच्या हातात आहे असं दिसलं, तर तो ती शेवटाला ढकलतो आणि पुढची घेतो. पहिल्या चालीला हा नियम नाही, ती सगळ्यांनी बघायची. टॉम केरिगन यांनी याची सुटसुटीत आवृत्ती केलीय. त्यात 'आत्ता कोण काय बघतंय' याचं एक छोटं वेगळं टेबल असतं आणि मूळ सर्चमध्ये मोजक्याच ओळी घालाव्या लागतात. स्प्लिट पॉइंट नाहीत, कुणाला परत बोलावणं नाही. लेझीत एकच काम दोघं करतात ते मला बघवत नाही, स्वभाव आहे.

नवखं_प्यादं

मध्येच विचारतो, राग मानू नका. एवढे कोर-थ्रेड करण्यापेक्षा ग्राफिक कार्डावर का नाही टाकत? तिथं हजारो कोर असतात ना?

घोडा_एफ_पाच

राग कसला. ग्राफिक कार्डाचे कोर गटागटानं एकच सूचना एका वेळी चालवतात. अल्फा-बीटामध्ये दर नोडला वाट फुटते, एका फांदीला कटऑफ आणि शेजारच्या फांदीला आणखी वीस चाली. गटातले बाकीचे नुसते थांबून राहतील. लीला हे इंजिन ग्राफिक कार्ड वापरतं, पण तिथं सर्च वेगळा, माँटे कार्लोच्या जातीचा. शंभर-दोनशे पोझिशन गोळा करून न्यूरल नेटवर्कला एकदम खाऊ घालायच्या, हे काम कार्डाला आवडतं. तिथंही सगळ्यांनी एकाच फांदीवर गर्दी करू नये म्हणून 'व्हर्च्युअल लॉस' लावतात, म्हणजे जिथं कुणी गेलंय ती फांदी तात्पुरती हरलेली धरायची. 'रांगडा'ला ते लागू नाही.

सांगलीकर, तुमचं एबीडाडा मला मान्य आहे, पण क्रम उलटा हवा. लेझीसाठी जे करायचं (स्ट्रक्ट, लॉकशिवायचं टेबल, थांबवण्याचा क्रम) ते सगळं एबीडाडालाही लागतंच. तेव्हा आधी लेझी चालू द्या, मग त्यावर तुमच्या ओळी घालून तुलना करू दे. आवडनिवड नको, डाव लावून ठरवू दे.

रंकाळ्याचा_उंट

ताई, वजीरभाऊ, दोघांचेही आभार. ग्लोबल सगळे हलवले, नोडची बेरीज शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली. क्रॅश गेला. म्युटेक्स काढला, एक्सॉर घातला, लेझी चालू आहे.

आता दोन शंका. एक, चार थ्रेडवर नोड अजूनही चौपट होत नाहीत, तिपटीच्याही खालीच राहतात. लॉक तर कुठंच नाही. दोन, डेप्थ १२ ला लागणारा वेळ निम्म्याच्या आसपास आला, पण चार कोर लावून निम्माच? वजीरभाऊंचा जीव तुटेल. आणि बारा थ्रेड लावू का? मशीन बारा दाखवतं.

घोडा_एफ_पाच

नोड कुठं मोजतोस? प्रत्येक थ्रेडचा आकडा एका ॲरेत शेजारीशेजारी ठेवला असशील तर ते सापडलं समज. कॅश लाइन ६४ बाइटची, त्यात आठ बाइटचे आठ आकडे मावतात. चौघंजण आपापला आकडा वाढवतात, पण प्रोसेसरच्या दृष्टीनं ती एकच लाइन, जी दर नोडला या कोरकडून त्या कोरकडं फिरते. मोजणी त्या थ्रेडच्या स्ट्रक्टमध्येच ठेव, स्ट्रक्ट ६४ बाइटवर अलाइन कर आणि बेरीज फक्त छापताना घे. वेळ बघायचं कामही एकट्या मुख्य थ्रेडनं करायचं, तेही हजार-दोन हजार नोडमधून एकदा.

एवढं करूनही बरोबर चौपट होणार नाही. एकच कोर चालू असताना प्रोसेसर त्याला जास्त गिगाहर्ट्झ देतो, सगळे चालू झाले की वेग उतरतो. आणि तुझी केबिन उद्यमनगरातल्या पत्र्याखाली असेल तर एप्रिल-मेच्या दुपारी घेतलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवू नकोस, प्रोसेसर तापला की आणखी उतरतो. मोजमाप रात्रीच कर, आणि एका थ्रेडचं नि चार थ्रेडचं एकाच बैठकीत.

डेप्थच्या वेळेवरून लेझीला जोखू नकोस. 'क्राफ्टी' या आपल्या इंजिनासाठी हायट यांचा ठोकताळा होता, प्रत्येक जादा प्रोसेसरमागं ०.७ धरायचा, म्हणजे चाराला ३.१. तो ठरावीक डेप्थला लागणाऱ्या वेळेचा हिशेब होता. लेझीत तो आकडा तेवढा येत नाही, तरी खेळ सुधारतो, कारण डेप्थ १२ तीच राहिली तरी झाड रुंद झालेलं असतं. एका थ्रेडनं रिडक्शन लावून सोडून दिलेली चाल दुसऱ्यानं एक डेप्थ पुढून बघितलेली असते आणि ते टेबलातून पहिल्याला मिळतं. तेव्हा डाव लाव. क्यूटचेसमध्ये (इंजिनांचे सामने लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चार थ्रेडचा 'रांगडा' विरुद्ध एका थ्रेडचा 'रांगडा', पण एकट्याला दुप्पट वेळ देऊन. चार थ्रेडवाला जिंकत राहिला तर एकट्याचा वेळ तिप्पट कर. बरोबरी कुठं होते ती खरी वाढ. ओपनिंग दोन्ही बाजूंनी खेळव, निकाल एसपीआरटीवर (पुरेसे डाव झाले का ते ठरवणाऱ्या संख्याशास्त्रीय चाचणीवर) सोड, पन्नास डावांवर नाचू नकोस. पाँडरिंग (समोरच्याच्या वेळात विचार करणं) बंद ठेव आणि एका वेळी एकच डाव चालव. सहा कोरवर चार थ्रेडचे दोन डाव लावलेस तर एकमेकांचे कोर ओढतील आणि सगळं मोजमाप पाण्यात.

बाराचं म्हणशील तर खरे कोर सहाच आहेत. बारा लावल्यावर नोड थोडे वाढतात, पण तेवढीच पुनरावृत्तीही वाढते. सहा विरुद्ध बारा असा सामना लाव आणि बघ. लेझीत बहुधा बारानं नुकसान होत नाही, जुन्या वायबीडब्ल्यूसी इंजिनांत मात्र हायपरथ्रेडिंग (एका कोरचे दोन दाखवणं) बंद ठेवा असंच सांगायचे. थ्रेड वाढवलेस की हॅशही वाढव. २५६ एमबीत सोळा बाइटच्या १,६७,७७,२१६ एंट्री मावतात, सहा थ्रेडांनी लांबच्या डावात त्या भरायला वेळ लागत नाही.

सांगलीकर_वजीर

जीव तुटला नाही, पण कळ आली. एक विचारायचं राहिलं: शेवटी चाल कुणाची खेळतोस? सगळे थ्रेड वेगवेगळ्या डेप्थला थांबले असणार.

रंकाळ्याचा_उंट

सध्या मुख्य थ्रेडचीच. चुकतंय का?

घोडा_एफ_पाच

चुकत नाही, सुरुवातीला तेच ठेव. नंतर एवढीच भर घाल: एखाद्या मदतनीसानं मुख्य थ्रेडपेक्षा जास्त डेप्थ पूर्ण केली असेल आणि त्याचा स्कोअरही वरचा असेल, तर चाल त्याची घे. अर्धवट राहिलेली डेप्थ धरू नकोस. स्टॉकफिश आता सगळ्या थ्रेडांचं मतदान घेतं, पण सहा थ्रेडांवर त्यानं किती फरक पडेल हे तुला तुझ्याच डावांवरून काढावं लागेल. आणि हे मित्राच्या मॅकवर देणार असशील तर एक बघ: तिथं मुख्य सोडून बाकी थ्रेडांना स्टॅक ५१२ केबीचाच मिळतो. तुझ्या सर्चमध्ये दर प्लायला चालींचा मोठा ॲरे लोकल असेल तर खोल डेप्थला तिथं पुन्हा सेगफॉल्ट येईल. थ्रेड तयार करतानाच स्टॅकचा आकार वाढवून माग, लिनक्सवर सहसा असतो तसा आठ एमबी पुरे.